वाचकांचे प्रश्न : अशांटी लोकांचं मंडळ आणि आपलं गाव

मागच्या अंकात आपण घाना देशातल्या अशांटी लोकांबद्दल चार ओळी दिल्या होत्या. हे लोक लंडन, न्यूयॉर्क, टोरंटोला गेले तरी तिथं आपल्या मूळ गावाच्या नावानं मंडळं काढतात, गावाकडच्या शाळा-दवाखान्याला मदत करतात आणि पोरांना भाषा, ढोल, कापड, रीतभात शिकवतात, एवढीच ती माहिती. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की ह्या वेळचं सगळं पान त्यालाच दिलंय.

माझा धाकटा लंडनला नोकरीला आहे. त्याचा ऑफिसातला एक मित्र अशांटी आहे, त्याच्या मंडळाच्या कार्यक्रमाला हा जाऊन आला आणि तेव्हापासून डोक्यात एकच, आपल्या गावासाठी पण असं करायचं. तिथं आजरा, भुदरगड, राधानगरीकडची बरीच पोरं आहेत. इकडं गावात विषय काढला तर सगळे म्हणतात पैसे पाठवा, वेशीत मोठी कमान बांधूया. पोराला ते पटत नाही आणि गावाला दुखवायचं पण नाही. त्या लोकांचं नेमकं चालतं कसं? — एक आई, गारगोटी

ताई, आधी एक सांगतो, पोराला अडवू नका, त्याच्या मनात आलंय ते लाखमोलाचं आहे.

आता त्यांचं चालतं कसं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हे लोक पैसे गोळा करतात आणि गावाला पाठवतात, म्हणजे झालं मंडळ. पण ते पैशापासून सुरूच होत नाही, ते सुखदुःखापासून सुरू होतं. अशांटी माणसाच्या आयुष्यात मयत हा सगळ्यात मोठा प्रसंग असतो, काळी-लाल वस्त्रं नेसून अख्खा गोतावळा जमतो, परदेशातली मुलं पोचेपर्यंत देह कित्येक आठवडे शवागारात ठेवतात आणि मग बहुतेक शनिवारी मोठा विधी होतो. कुणी किती मदत दिली ते माईकवरनं पुकारतात, आपल्याकडं लग्नात आहेर पुकारतात तसंच. आता परक्या मुलखात एखाद्याची आई गेली, विमानाचं तिकीट, तिकडचा खर्च, सुट्टी, सगळं एकदम अंगावर येतं. तेव्हा मंडळ दारात उभं राहतं. ठरलेली रक्कम देतं, माणसं घरी येऊन बसतात, आणि कुणी तिथंच वारलं तर देह मायदेशी न्यायला सगळे हातभार लावतात. बाळाचं बारसं असो, नवीन आलेल्या पोराला खोली शोधायची असो, मंडळ आहे. म्हणून माणूस महिन्याची वर्गणी न चुकता भरतो. गावाकडचा दवाखाना त्याच्यानंतर येतो, त्याच वर्गणीच्या आणि त्याच ओळखीच्या जोरावर.

अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार हे तर आपल्यासारखेच निवडून देतात. पण न्यूयॉर्कसारख्या मोठ्या शहरात त्याच्या जोडीला तिथल्या अशांटी समाजाचा एक प्रमुख आणि एक राजमाता पण असते, सणाच्या दिवशी मोठ्या छत्रीखाली केंटे नावाचं त्यांचं हातमागावरचं कापड पांघरून बसतात, ढोल वाजतात. हे नाटक नव्हे बरं का. कुमासी शहरात त्यांचा राजा आहे, त्याला असांटेहेने म्हणतात, आत्ताचे ओसेई टुटू दुसरे १९९९ पासून गादीवर आहेत, आणि त्यांच्या राजवाड्यात दर सहा आठवड्यांनी रविवारी अक्वासिडाए नावाचा दरबार भरतो. परदेशातल्या पोरांना हे सगळं बघायला मिळतं, नुसतं ऐकायला नाही, आणि त्यामुळं गाव म्हणजे आईबापाच्या आठवणींचं गाठोडं न राहता त्यांचं स्वतःचं होतं.

आता कमान. मी स्पष्ट सांगतो, कमान बांधू नका. कमानीचं उद्घाटन एकदा होतं, फोटो येतो, आणि पुढं तिचा रंग उडाला तरी कुणी बघत नाही. उलट बोअरची मोटर जळली की रिवाइंडिंगला पैसे लागतात, शाळेच्या बाथरूमला पाणी लागतं, वाचनालयात संध्याकाळी बसणाऱ्या माणसाला पगार लागतो, आणि ह्या कुठल्याच गोष्टीला सरकारी योजनेत नीट पैसा नसतो. मुलाला म्हणावं दरवर्षी थोडे पण नक्की पैसे द्या, देखभालीला द्या. आणखी एक, तिकडचं जुनं मशीन फुकट मिळतंय म्हणून कंटेनर भरून पाठवायचा मोह फार होतो. अमेरिकेतली वीज साधारण ११०-१२० व्होल्टची, घानात २३० ची, आपल्याकडं पण २३० ची. ट्रान्सफॉर्मर नाही, पार्ट मिळत नाहीत, चालवणारा नाही, मग ते मशीन दवाखान्याच्या कोपऱ्यात चादर टाकून पडून राहतं. आधी डॉक्टरला आणि नर्सला विचारा काय पाहिजे.

गावाला दुखवायचं नाही म्हणता ते मनापासून पटलं. त्यासाठी पैसे पाठवायच्या आधी ग्रामसभेत विषय ठेवा, शाळेचं काम असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, बायकांचा बचत गट आणि दूध संस्थेचे लोक बोलवा, आणि गावालाच यादी करू द्या. यादीत कमान पहिली आली तरी चिडायचं नाही, दुसऱ्या नंबरचं काम आम्ही उचलतो म्हणायचं. अशांटी लोकांत पण परस्पर काही करता येत नाही, गावचा प्रमुख, जाणती माणसं आणि तिथली असेंब्ली, म्हणजे आपल्या पंचायतीसारखी स्थानिक सभा, ह्यांना धरूनच जावं लागतं, कारण जमीन बहुतेक ठिकाणी त्या गादीच्या नावावर असते, तिच्या परवानगीशिवाय साधी खोली उठत नाही. आणि देणाऱ्याचा मान राखायची पण त्यांनी सोय केली. १९८५ मध्ये तेव्हाचे राजे ओपोकू वारे दुसरे ह्यांनी विकासाचं काम करणाऱ्याला द्यायची एक खास पदवीच सुरू केली, न्कोसुओहेने. बाहेरच्या माणसाला पण ती मिळते. मला त्यातलं हे आवडतं की मानाबरोबर पुढची जबाबदारी पण येते, एकदा पदवी घेतली की गाव तुम्हाला विचारत राहणार.

आफ्रिकेतल्या लोकांचं एवढं कौतुक कशाला? आपल्या माणसांनी गावासाठी काय कमी केलंय का? — एक वाचक, आजरा

दादा, नाही केलं असं कोण म्हणतंय. लालबाग-परळला गिरण्या चालू होत्या तेव्हा आजरा, चंदगड, भुदरगडच्या माणसांनी काय केलं ते तुमच्या घरातच कुणीतरी सांगेल. गावकीची खोली घ्यायची, एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपायचं, खाणावळीत जेवायचं आणि त्यातनं गावच्या देवळाला, शाळेला, यात्रेला वर्गणी काढायची. मुंबईकर मंडळ म्हटलं की गावात वजन होतं. त्या माणसांना कुणी विकास शिकवला नव्हता.

पण १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, खोल्या गेल्या, पोरं डोंबिवली-विरारला पांगली आणि बरीच मंडळं नावापुरती उरली. का? माझं मत असं की आपण पहिल्या पिढीच्या ओढीवर सगळं चालवलं, दुसऱ्या पिढीला त्यात जागाच दिली नाही, तिला फक्त यात्रेला नेलं आणि फोटो काढला. अशांटी लोकांकडनं घ्यायचं ते हेच. त्यांच्यात मूल ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव मिळतं, शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, गुरुवारची मुलगी या, शनिवारची आमा. पोरगं टोरंटोत जन्मलं तरी वार चुकत नाही. मंडळात पोरांचे त्यांच्या ट्वी भाषेचे वर्ग असतात, ढोल वाजवायला पोरांना बसवतात, कार्यक्रमात केंटे नेसवतात. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला काहीतरी काम असतं.

आणि कोल्हापूरला शिक्षणाच्या बाबतीत कुणाकडं बघायची गरजच नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून पुढं एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली, मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम आणि बाकी कितीतरी, खेड्यातला पोरगा शहरात येऊन राहील, जेवेल आणि शिकेल एवढी साधी गोष्ट, पण तिनं जिल्हा बदलला. असांटेहेनेंनी पण १९९९ मध्ये गादीवर आल्याबरोबर शिक्षणाचा फंड काढला. हजारो मैलांवरच्या दोन गाद्यांना एकच गोष्ट आधी सुचली ह्याचं मला फार बरं वाटतं.

लंडनच्या म्युझियमनं आपली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर दिली. अशांटी लोकांचं सोनं पण तसंच उधारीवर परत आलंय असं वाचलं. आपलीच वस्तू उसनी घ्यायची हे पटतं का तुम्हाला? — निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ

सर, पटत नाही. पण घेतली ते बरोबर केलं असंही वाटतं, दोन्ही सांगतो.

आधी झालं काय ते. १८७४ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या फौजेनं कुमासी घेतली, राजवाडा लुटला आणि सुरुंग लावून उडवला. सोन्याचे दागिने, तलवारी, दरबारातल्या माणसांच्या छातीवरची सोन्याची पदकं लंडनला गेली, त्यातलं काही तिथल्या जवाहिऱ्याच्या दुकानात विकलं आणि म्युझियमनं विकत घेतलं. पुढं १८९६ मध्ये राजा प्रेम्पे पहिला ह्याला पकडून नेलं, १९०० मध्ये सेशेल्स बेटांवर ठेवलं. त्याच साली गव्हर्नर हॉजसननं कुमासीत येऊन सोन्याचं सिंहासनच मागितलं. हे सिंहासन म्हणजे त्यांच्या राज्याचा जीव, १७०१ च्या आसपास राज्य उभं राहिलं तेव्हा ओकोम्फो अनोक्ये नावाच्या पुरोहितानं ते आकाशातनं उतरवलं अशी श्रद्धा आहे, आणि त्याच्यावर खुद्द राजा पण बसत नाही. ते परक्या माणसानं बसायला मागितलं म्हटल्यावर एजिसूची राजमाता या असांटेवा उठली आणि लढाईला उभी राहिली. लढाई हरले, ती पण सेशेल्सला गेली आणि १९२१ मध्ये तिथंच वारली. पण सिंहासन इंग्रजांच्या हाताला लागलं नाही ते नाहीच.

आपल्या ताराराणींनी राजाराम महाराजांच्या मागं १७०० पासून औरंगजेबाला दमवलं, त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी हे घडलं. कोल्हापूरच्या माणसाला ही बाई परकी वाटायचं कारण नाही.

आता उधारीचं. शंभर वर्षं झाली तेव्हा, १९७४ ला, अशांटी राजानं वस्तू परत मागितल्या होत्या, मिळाल्या नाहीत. ब्रिटिश म्युझियमला १९६३ चा कायदा आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला १९८३ चा कायदा वस्तू कायमच्या द्यायला आडवा येतो. म्हणून २०२४ मध्ये दीडशे वर्षांचं निमित्त धरून दोन्ही म्युझियमनी मिळून ३२ वस्तू तीन वर्षांसाठी दिल्या, आणि करार घाना सरकारशी न करता थेट राजवाड्याच्या, मान्हिया पॅलेसच्या म्युझियमशी झाला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या फाउलर म्युझियमनं मात्र ७ वस्तू कायमच्या परत दिल्या, काही अट नाही. म्हणजे मनात असलं की देता येतं, हे तिथंच सिद्ध झालं.

मग घ्यावं का? सर, ज्या मुलांनी ते सोनं फक्त पुस्तकात बघितलं होतं ती आता कुमासीत त्याच्यासमोर उभी राहतात. आपली वाघनखं जुलै २०२४ ला साताऱ्यात आली, ती नेमकी महाराजांचीच का ह्याच्यावर अभ्यासकांचे वाद आहेत, ते व्हायलाच पाहिजेत, पण रांगा लावून बघायला आलेल्या पोरांच्या डोळ्यातलं कुतूहल खरं होतं. वस्तू आपल्या मातीत ठेवून पुढची मागणी करणं हे लांबून पत्रं लिहिण्यापेक्षा जास्त जोराचं आहे. फक्त मागणी सोडायची नाही. मान्हिया राजवाड्याचीच गोष्ट बघा. प्रेम्पे १९२४ ला परत आला, त्याचा जुना वाडा राहिलेला नव्हता, इंग्रजांनी नवीन घर बांधून देऊ केलं, तर तो म्हणाला सगळी किंमत आम्ही भरणार, मगच राहायला जाणार. तसंच झालं. पुढं १९९५ ला त्याच घरात म्युझियम निघालं. उपकाराचं घर त्यानं घेतलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

त्यांच्यात म्हणे वारसा आईकडनं चालतो. खरं आहे का? आमच्या गावच्या मंडळात मला सभासद करत नाहीत, म्हणतात तुम्ही लग्न होऊन गेला, आता ते गाव तुमचं नाही. — एक माहेरवाशीण, गडहिंग्लज

ताई, खरं आहे. अशांटी मूल आईच्या कुळाचं असतं, अशी आठ मोठी कुळं आहेत, आणि माणसाचं मूळ गाव म्हणजे त्याच्या आईच्या कुळाचं गाव. जुन्या रीतीनं मालमत्ता पण बापाकडनं न येता मामाकडनं भाच्याला जायची. नवा प्रमुख निवडायचा असला तर नाव राजमाता पुढं करते. ह्याला दुसरी बाजू पण आहे, नवरा वारला की बायको आणि पोरं उघड्यावर यायची, कारण ती त्याच्या कुळाची नव्हेतच. शेवटी १९८५ ला घानात कायदा करून मृत्युपत्र नसेल तर बायको-मुलांना वाटा दिला. तेव्हा तिकडं सगळं गोड आहे असं नाही.

पण तुमच्या मंडळाचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. गावाच्या शाळेत तुम्ही शिकला, गावच्या विहिरीचं पाणी ओढलं, ते लग्नात पुसलं जातं का? अलीकडं कितीतरी गावात लेकींनी एकत्र येऊन देवळाला घंटा दिली, शाळेला बाकं दिली, माहेरवाशिणींचे मेळावे होतात, तेव्हा पैसे घ्यायला कुणी नको म्हणत नाही. पैसे चालतात तर नाव पण चाललं पाहिजे. घटनेत, म्हणजे मंडळाच्या नियमावलीत, सभासद कोण ह्या कलमात "गावात जन्मलेली कुठलीही व्यक्ती" एवढं लिहून घ्या. ठराव मांडा, आणि एकटीनं मांडू नका, दहा जणी जा. वरच्या गारगोटीच्या ताईंना पण हेच सांगणं आहे, लंडनचं मंडळ काढताना तिथं गेलेल्या पोरींना पहिल्या दिवसापासून धरा.

आम्ही चपला करतो. परदेशातल्या मंडळांचा आमच्यासारख्याला काय उपयोग? — कारागीर, कोल्हापूर

भाऊ, सरळ उपयोग आहे. अशांटींचं केंटे कापड बोनवायर आणि आसपासच्या गावात हातमागावर अरुंद पट्ट्यांत विणतात, मग पट्ट्या जोडतात. बाजारात त्याचं छापील नकली कापड ढिगानं मिळतं, पण मानाच्या कार्यक्रमाला मंडळातला माणूस विणलेलंच नेसून मिरवतो, आणि ते गावाकडनंच येतं. २०२४ च्या डिसेंबरात केंटे युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं. तुमच्या चपलेला २०१९ ला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाचा सरकारी शिक्का, मिळाला, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांचा मिळून. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये एका मोठ्या ब्रँडनं तसलीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे भडकलो. भडकलो ते बरोबरच होतं, पण त्यातल्या किती जणांच्या पायात हातानं शिवलेली कातडी चप्पल होती? परदेशातल्या प्रत्येक मराठी मंडळानं गणपतीच्या आधी इथल्या कारागिराला थेट ऑर्डर द्यावी, मापं पाठवावीत, अ‍ॅडव्हान्स द्यावा, आणि भाव पाडून मागू नये. हे वाचणाऱ्या परदेशातल्या वाचकांनी मनावर घ्याच.

गावासाठी पैसे पाठवायचे तर कायद्याचं काय? आमच्या ग्रुपमध्ये काहीजण अमेरिकन सिटिझन आहेत. — मूळ राधानगरी, सध्या पुणे

हा प्रश्न सगळ्यांनी आधी विचारायचा असतो आणि सगळे शेवटी विचारतात. ज्याच्याकडं भारतीय पासपोर्ट आहे तो परदेशात राहत असला तरी त्यानं स्वतःच्या कमाईतनं बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी धरत नाहीत. पण ज्यानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, त्याच्याकडं भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, त्याची देणगी परदेशी ठरते आणि ती घ्यायला गावाकडच्या संस्थेला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा आधी घेतलेली परवानगी लागते. ते पैसे पहिल्यांदा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठराविक खात्यातच यावे लागतात, आणि २०२० पासून एका संस्थेनं ते दुसऱ्या संस्थेला पुढं द्यायला पण बंदी आहे. नवीन संस्थेला नोंदणी लगेच मिळत नाही, तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. तेव्हा कुणाच्या तरी पर्सनल खात्यावर सगळ्यांचे पैसे गोळा करून गावाला पाठवायचे, हे कितीही सोपं वाटलं तरी करू नका, पैसे घेणारा गावातला माणूस अडचणीत येतो.

इथं संस्था काढायची तर कमीत कमी सात माणसं, नियमावली आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी. दरवर्षीचं ऑडिट आलंच. सीएला आधी भेटा, आणि भेटायला जाताना सभासदांची यादी घेऊन जा, प्रत्येकाच्या नावापुढं पासपोर्ट कुठल्या देशाचा ते लिहिलेलं असू द्या. भारतीय पासपोर्टवाल्यांची वर्गणी लगेच सुरू करता येईल, बाकीच्यांनी तोवर आपला वेळ द्यावा, पोरांना ऑनलाइन शिकवावं, दहावी-बारावीनंतर काय करायचं ते सांगावं, त्याला कुठलं खातं लागत नाही.